बालदिनाला रुबीची गोष्ट वाचून दाखवताना

डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेते. बालदिनाला मुलं सदऱ्याला गुलाब लावून चाचा नेहरू होऊन येतात. नाच-गाणी आटोपली की शेवटचा तास मी रुबी ब्रिजेससाठी राखून ठेवते, कारण तिची तारीखही तीच. १४ नोव्हेंबर १९६० रोजी रुबी ही सहा वर्षांची काळी मुलगी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समधल्या विल्यम फ्रँट्झ शाळेची पायरी चढली. तोवर तिथे फक्त गोरी मुलं शिकत होती. तुम्हालाही ही गोष्ट घरी किंवा वर्गात वाचून दाखवायची असेल, तर मी कसं करते ते सांगते.

पुस्तकं दोन हवीत. मुलांसमोर उघडायचं ते रॉबर्ट कोल्स यांचं चित्रांचं 'द स्टोरी ऑफ रुबी ब्रिजेस', आणि मोठ्यांनी आधी वाचून ठेवायचं ते रुबीने स्वतः लिहिलेलं 'थ्रू माय आइज'. दोन्ही इंग्रजीत आहेत. वाचता वाचता भाषांतर करायला जाऊ नका, तुम्ही अडखळलात की मुलांचं लक्ष उडालंच. आदल्या रात्री वहीत मराठी उतरवून घ्या. काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळ्या शाळांत घालण्याला मी 'वेगळी पंगत' म्हणते. पंगत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 'काळी' म्हटल्यावर मात्र एक-दोघं हसतातच, घरीदारी तो शब्द चिडवतानाच कानावर पडलेला असतो. तेव्हा आवाज खाली आणू नका आणि 'कृष्णवर्णीय'च्या आडही लपू नका. थांबा, हा शब्द चिडवायला आपण कुणाकडून शिकलो ते विचारा, मग पुढे जा. शाळेबाहेरच्या गोऱ्या जमावाने रुबीला दिलेल्या शिव्या मी वाचत नाही.

गोष्टीआधी चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं रुबीवरचं १९६४ सालचं चित्र दाखवा आणि तीन-चार मिनिटं स्वतः काही बोलू नका. पांढरा फ्रॉक, हातात वह्या आणि फूटपट्टी. पुढे दोन, मागे दोन, तिच्या रक्षणाला दिलेले सरकारी मार्शल, पण त्यांची डोकी चित्रात नाहीत. भिंतीवर लाल डाग. मुलं आधी 'रगत!' म्हणतात. मग कुणीतरी जवळ येऊन खाली पडलेला टोमॅटो दाखवतं, आणि तो कुणी मारला हा प्रश्न आपोआप येतो.

कायद्याचा भाग दोन वाक्यांत आटपा. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. रुबी त्याच वर्षी सप्टेंबरात जन्मली, आणि निकाल तिच्या दारापर्यंत पोचायला सहा वर्षं लागली.

खरी गोडी पुढे आहे. शाळेबाहेरची आरडाओरड करणारी गर्दी बघून रुबीला वाटलं, मार्डी ग्रा आला. म्हणजे त्यांच्या गावचा कार्निव्हल. आपला पणजीचा आणि त्यांचा एकाच मंगळवारी संपतो. हे आपल्या मुलांना सांगावंच लागत नाही, चित्ररथाची गर्दी त्यांनी बापाच्या खांद्यावरून पाहिलेली असते. गोऱ्या आईबापांनी मुलं काढून नेली. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री बाईंनी रिकाम्या वर्गात वर्षभर एकट्या रुबीला शिकवलं. गर्दीतली एक बाई रोज विष घालायची धमकी देई, म्हणून डबा घरचाच. पण रुबीला एकटीने जेवायचं नव्हतं. ती सँडविच कपाटात लपवू लागली, दूध खळीच्या बरणीत ओतू लागली. शेवटी उंदीर-झुरळं झाली तेव्हा उलगडा झाला. इथे सावकाश वाचा. माझ्या वर्गात मध्यान्ह आहाराची पाव-भाजी मांडीला मांडी लावून खातात. ह्या पानावर सगळे गप्प होतात.

मग घरच्यांनी काय सोसलं ते सांगा. वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या आजी-आजोबांना जमीन सोडावी लागली. गोव्याच्या मुलांना हे भाटकार-मुंडकार, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, म्हटलं की लगेच उमगतं. मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून आपल्याकडे १९७५ साली कायदा झाला, हेही तेव्हाच सांगून टाका. आणि शेजाऱ्यांना विसरू नका: एकाने वडिलांना घरं रंगवायचं काम दिलं, काहीजण मार्शलांच्या गाडीमागून चालत गेले.

आता माझ्या हातून झालेली चूक. पहिल्या वर्षी मी भर वर्गात एका लमाणी मुलीला म्हटलं, 'तुला कळेल ना गं रुबीचं?' तिचे आईवडील बांधकामावर कामाला होते. ती मान खाली घालून फ्रॉकची शिवण उसवत राहिली. तिला वेगळ्या पंगतीत बसवलं ते मीच. तेव्हापासून मी कुणा एकाला प्रश्न विचारत नाही. ज्याला हवं त्याने वहीत चित्र काढावं, दाखवायची सक्ती नाही.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेब घ्या. साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट, जे त्यांना रोज घरून आणावं लागे आणि घरी न्यावं लागे. आणि शिपाई नसला तर पाणी नाही, हा नियम. रुबीच्याच दिवशी घेऊ नका, मुलं दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. उलटा क्रमही मी करून पाहिला. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर असते, त्यामुळे मुलं आधीच पाठ केलेली उत्तरं देतात. रुबीनंतर मात्र ती गोणपाटाविषयी विचारतात: ओलं झालं तर?

घरचा अभ्यास एकच. आजीला किंवा पणजीला विचारायचं, तू शाळेत गेलीस का, कुठे बसायचीस, पाणी कोण द्यायचं. उत्तर नाही आलं तर पाठपुरावा करू नका, काही घरांत ते सांगायला वेळ लागतो. यंदा एका मुलाने आणलं, त्याची आजी पडवीत बसून खिडकीतून ऐकत असे. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, 'मग पावसात काय करायची?' त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आज घरी जाऊन विचार.