इंग्रजीत 'हळूहळू' लिहिताना या चुका टाळा

मराठीत आपलं एक हळूहळू असलं की भागतं. गाडी हळूहळू चालव, तब्येत हळूहळू सुधारतीये, हळूहळू सासूलाही ती आवडायला लागली, तिन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत मात्र या तीन वेगळ्या जागा आहेत, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या रायटिंगमध्ये काय किंवा ऑफिसच्या मेलमध्ये काय, गडबड नेमकी इथेच होते.

सगळ्यात कॉमन म्हणजे 'स्लोली स्लोली'. आपल्याकडे शब्द डबल केला की काम होतं, थोडं थोडं, बघता बघता वगैरे, म्हणून आपण स्लोलीलाही जोडीदार आणून बसवतो. बोलताना कोणी अडवत नाही, मी पण म्हणते, पण लिहिताना एकच स्लोली पुरे. डबलच पाहिजे असेल तर 'लिटल बाय लिटल' किंवा 'बिट बाय बिट' आहे की.

आता खरा घोळ. 'स्लोली' हा वेग झाला. 'ग्रॅज्युअली' म्हणजे एकदम न होता टप्प्याटप्प्याने. आणि 'इव्हेन्चुअली' म्हणजे बऱ्याच काळाने, मधे काय काय होऊन शेवटी. वाक्य अडलं की मराठीतलंच हळूहळू काढून बघायचं: तिथे 'सावकाश' बसलं तर स्लोली, 'थोडं थोडं करत' बसलं तर ग्रॅज्युअली, 'शेवटी एकदाचं' बसलं तर इव्हेन्चुअली. 'द पेशंट इज इव्हेन्चुअली इम्प्रूव्हिंग' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला कळतच नाही की पेशंट आत्ता सुधारतोय का पुढे कधीतरी सुधारणार आहे. आणि 'ही इव्हेन्चुअली पास्ड' मध्ये आधी दोनदा आपटल्याचा वास येतो, त्यामुळे कोणाच्या शिफारसपत्रात ते टाकू नका प्लीज. जर्मन शिकत असाल तर अजूनच जपून, कारण तिकडच्या 'इव्हेन्चुएल'चा अर्थ होतो 'कदाचित'.

'स्टेडिली'ला पण लोक हळू समजतात. त्यात मुद्दा हळूपणाचा नाही, न थांबता, एकसारखं एका दिशेने चाललंय हा आहे. भाव भराभर वाढत असले तरी स्टेडिली वाढू शकतात, पण मधे दोनदा खाली आले असतील तर स्टेडिली नाही, तिथे 'फ्लक्च्युएटेड' लिहा.

अकॅडमिक आयईएलटीएसच्या टास्क 1 मध्ये किमान 150 शब्दांत ग्राफ वगैरे सांगायचा असतो, साधारण 20 मिनिटं त्याला द्या म्हणतात, आणि तिथे हे सगळं एकदम अंगावर येतं. आपल्याच जनगणनेचे आकडे घ्या. महाराष्ट्राची साक्षरता 2001 मध्ये 76.88 टक्के होती, 2011 मध्ये 82.34 टक्के झाली. यावर लोक लिहितात, 'लिटरसी इज इन्क्रीझिंग डे बाय डे'. अहो या दोन जनगणनांत दहा वर्षांचं अंतर आहे, डे बाय डे कुठून आणलं? शिवाय काळ संपलाय, म्हणून 'इज इन्क्रीझिंग' नाही, साधा भूतकाळ. मग येतं टू आणि बाय. 'रोझ टू 82.34 पर्सेंट' म्हणजे तिथपर्यंत पोचली, बाय लावलं तर किती वाढली ते सांगायचं, आणि इथे ती 5.46 पर्सेंटेज पॉइंट्सनी (म्हणजे दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी) वाढली. 5.46 पर्सेंटनी नाही! पर्सेंटमध्ये काढली तर मूळ 76.88 वर सुमारे 7 टक्के येते. नाम वापरलंत तर परत वेगळं, 'अ राइझ ऑफ' आकड्याच्या आधी आणि 'अ राइझ इन लिटरसी' विषयाच्या आधी.

यातच अजून एक गंमत आहे जी क्लासवाले पण सोडून देतात. दोनच आकडे हातात असतील तर ग्रॅज्युअली किंवा स्टेडिली लिहायचा आपल्याला अधिकारच नाही, कारण मधल्या वर्षांत काय झालं ते दिसतच नाही, पहिली पाच वर्षं काहीच न होता नंतर एकदम उडी असेल तर? तिथे नुसतं 'रोझ' लिहून गप्प बसा. क्रियाविशेषण लावलं की मार्क मिळतात या समजुतीने 'ग्रॅज्युअली प्लमेटेड' लिहिणारे पण आहेत, म्हणजे हळूहळू धाडकन कोसळलं.

क्रियापदांत 'बिकम' सगळीकडे घुसवू नका. केस पांढरे झाले तर 'वेंट ग्रे', दूध नासलं तर 'वेंट ऑफ', अंधार पडायला लागला तर 'इट्स गेटिंग डार्क'. आणि त्या सासूबाईंचं वाक्य 'शी बिकेम टू लाइक हर' होत नाही, 'शी केम टू लाइक हर' किंवा 'ग्रू टू लाइक हर'. 'मोअर अँड मोअर बेटर' पण नको, बेटरमध्ये मोअर आहेच, 'बेटर अँड बेटर' म्हणा. एक्स्पेन्सिव्हसारख्या लांब शब्दाला मात्र मोअर अँड मोअर लागतंच.

राहिलं राइझ आणि रेझ. कांद्याचे भाव आपसूक वाढले तर 'प्राइसेस रोझ', कोणीतरी वाढवले तर 'ट्रेडर्स रेझ्ड प्राइसेस'. 'प्राइसेस रेझ्ड' लिहिलं की वाचणारा विचारतो, रेझ्ड काय? भावांनी काय वाढवलं?