लिस्बन पायी फिरताय? मग या चुका टाळा

मोबाइलवर नकाशा उघडला की लिस्बन छोटंसं, सुटसुटीत शहर वाटतं. रोसियो चौक, कॅथेड्रल, साओ जॉर्ज किल्ला, सगळं एकमेकांना खेटून. मग माणूस गाइडशिवाय, आपलं आपण फिरायचं ठरवतो, सकाळी नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सियो चौकापासून निघतो आणि दुपारी बारा वाजता भर उन्हात किल्ल्याच्या चढावर धापा टाकत उभा असतो. शहर टेकड्यांवर वसलंय आणि नकाशात चढ दिसत नाही. लिस्बनमध्ये दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा याच कारणाने. मार्ग आखताना अंतर नंतर मोजा, आधी कोणतं ठिकाण वर आहे आणि कोणतं खाली, ते बघून घ्या. चढायचं वाहनाने, उतरायचं पायी.

खालून वर चालत जाणं

किल्ला आधी उरकायचा. प्रासा दा फिगेरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्याच्या दारापाशी जाते. बस नको असेल तर रुआ दोस फांकेरोस या रस्त्यावरच्या एका इमारतीत सरकारी लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्याला सोडते, तिथून दोन मिनिटांवर जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही फुकट. कधी कधी बंद असतात, तेव्हा सरळ बस पकडा.

किल्ला बघून झाला की पुढची वाट उताराची. पोर्तास दो सोलच्या सज्जावरून अल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौलं आणि मागे तेजो नदी दिसते. इथे फोटो काढून गर्दी पुढे सरकते आणि शेजारचं सांता लुझिया चर्च राहून जातं. असं करू नका. त्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७ सालचा वेढा आहे, ख्रिस्ती सैन्याने मूर म्हणजे मुसलमान राज्यकर्त्यांकडून हाच किल्ला घेतला तो प्रसंग. दुसऱ्यात नदीकाठचा प्रासा दो कोमेर्सियो चौक आहे, पण भूकंपाच्या आधीचा. राजवाडा जागेवर उभा आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, लोक सणासाठी चर्चमध्ये जमलेले असताना धरणी हादरली. मग समुद्राच्या लाटा आत घुसल्या, वर आगी लागल्या. राजवाडा गेला तो गेलाच. आजही लिस्बनकर त्या चौकाला तेरेरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचं अंगण म्हणतात, आणि मेट्रो स्टेशनचं नावही तेच आहे. नकाशावर एक नाव आणि स्टेशनवर दुसरं बघून गोंधळू नका, जागा एकच. रोसियोचंही तसंच. कागदोपत्री तो राजा दों पेद्रो चौथ्याचा चौक आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारत नाही.

हे चित्र बघून खाली बायशा भागात उतरलात की काटकोनात आखलेले सरळ रस्ते एकदम लक्षात येतात. भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने हा भाग नव्याने बांधून घेतला, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून, म्हणजे पुन्हा हादरा बसला तरी घर टिकावं. अल्फामा मात्र बऱ्यापैकी वाचलं, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या. आधी बायशा आणि मग अल्फामा असं उलट फिरलात, तर ही संगती लागत नाही.

२८ नंबरच्या ट्रामवर सगळी भिस्त ठेवणं

ती जुनी पिवळी ट्राम गोड आहे, यात शंकाच नाही. पण मार्तिम मोनिझच्या स्टॉपवर लांबच लांब रांग असते, आत उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंची ती आवडती जागा आहे. बसायचंच असेल तर दुसऱ्या टोकाला, कांपो दे ओरीक भागात जा आणि सकाळी लवकर चढा. बॅग पाठीवर नको, पुढे घ्या. खरं तर रुळांच्या कडेकडेने चालत गेलात तर जास्त बघून होतं.

सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टचंही तेच. १९०२ सालची ती लिफ्ट खालून बघायला सुंदर, पण रांगेत अर्धी सकाळ जाऊ शकते. वर कार्मो चौकातच जायचंय ना? बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा, सरकत्या जिन्यांनी वर शियादोला बाहेर पडा. तिकिटाच्या गेटमधून जावंच लागत नाही. पुढे पाच-सात मिनिटांत कार्मो.

कार्मो चौकातून घाईने पुढे जाणं

बहुतेक लोक इथलं छप्पर नसलेलं चर्च बघतात आणि निघतात. छप्पर १७५५ मध्येच पडलं. पण याच चौकातल्या पोलिसी बराकीत २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान मार्सेलो काएतानोने शरणागती पत्करली आणि पोर्तुगालची हुकूमशाही संपली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला होता, तरी लिस्बनचं सरकार ते मान्य करायला तयार नव्हतं. ही राजवट कोसळल्यावरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून आलेल्या माणसाने इथल्या बाकावर थोडं बसावं, असं मला मनापासून वाटतं.

कॅथेड्रलला लागून असलेलं अल्जुबे हे संग्रहालयही असंच नजरेतून सुटतं. तो पूर्वी राजकीय कैद्यांचा तुरुंग होता.

बेलेमला चालत जाणं

हे करूच नका. मध्यवस्तीपासून बेलेम सहा-सात किलोमीटर आहे आणि रस्त्याचा बराचसा भाग रटाळ आहे. १५ नंबरची ट्राम घ्या किंवा काइस दो सोद्रे स्टेशनवरून लोकल. सोमवार टाळा, त्या दिवशी जेरोनिमोस मठ बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. तो वारला कोचीला, १५२४ मध्ये. नदीकाठचं दर्यावर्दींचं दगडी स्मारक जुनं समजू नका. आज दिसतं ते १९६० सालचं आहे, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतलं. पुढच्याच वर्षी गोवा त्यांच्या हातून गेला.

तीच लोकल पुढे काशियास स्टेशनवर जाते. तिथल्या तुरुंगात गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे कैदेत होते. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नव्हती. ती झाली १९६९ मध्ये. त्यासाठी सुधीर फडक्यांनी जिवाचं रान केलं. बेलेमला आलेल्या मराठी माणसाला हे माहीत असायला हवं.

गुळगुळीत तळाचे बूट

फुटपाथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की उतारावर पाय सटकतोच, ट्रामच्या रुळांवर तर जास्तच. रबरी, खाचा असलेला तळ हवा. नवे बूट घालून जाऊ नका.

रस्ता चुकल्यावर मोबाइलशी झगडणं

अल्फामाच्या बोळांत निळा ठिपका एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उड्या मारतो. फोन खिशात ठेवा आणि पाट्या वाचा. पाटीवर ‘बेको’ असेल तर बोळ पुढे बंद असण्याची शक्यता मोठी, ‘एस्कादिन्यास’ म्हणजे पायऱ्या, ‘काल्सादा’ म्हणजे खडा चढ. काहीच कळेनासं झालं तर उतार धरून चालत राहा, नदी लागतेच. १२ जूनच्या रात्री मात्र इथे संत अँथनीचा उत्सव असतो, गल्ल्या माणसांनी तुडुंब भरतात. त्या दिवशी फिरणं सकाळीच उरका.

खाण्यातले घोळ

हॉटेलात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, बिलात लागणार नाही. बेकऱ्यांत ‘शामुसा’ नावाने समोसा मिळतो, गोव्याकडून आणि मोझांबिककडून तिथे पोचलेला. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, कारण आत बहुतेक वेळा मांस असतं. दालचिनी भुरभुरून खातात त्या गरम पास्तेल दे नाता या गोड पेस्ट्रीमध्ये अंड्याचा बलक असतो, हेही अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.