विंडोजकडून परस्पर जाणारी माहिती फायरवॉलने कशी अडवावी

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडतीच्या दुकानातील संगणक सकाळपासून रात्री शेवटची हिशेबपट्टी छापून होईपर्यंत बंद होत नाही. त्या एका संगणकात शेकडो शेतकऱ्यांची नावे, गावे, मालाची वजने, घेतलेली उचल आणि बँक खात्यांचे क्रमांक साठवलेले असतात. अशा काही दुकानांचे संगणक मी सांभाळतो. बाहेरून कोणी आत शिरू नये म्हणून सगळेच काळजी घेतात. आतून बाहेर काय जाते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. विंडोजमधील फायरवॉल येणाऱ्या जोडण्या मुळातच अडवते आणि जाणाऱ्या जोडण्यांना मुळातच मोकळीक देते, त्यामुळे ही दुसरी बाजू आपल्यालाच बांधून घ्यावी लागते.

आधी नेमके काय जाते ते समजून घ्यावे. विंडोज १० आणि ११ मध्ये निदानासाठी पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे दोन स्तर आहेत: आवश्यक आणि ऐच्छिक. आवश्यक स्तरात यंत्राची घडण, विंडोजची आवृत्ती, अपडेट नीट बसले की नाही, अशा गोष्टी येतात. ऐच्छिक स्तरात आपण कोणती अ‍ॅप कशी वापरतो आणि कोणत्या वेबसाइटवर जातो, हेही येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादा प्रोग्रॅम कोसळला तर त्या क्षणी मेमरीत जे काही असेल त्याचा भाग अहवालासोबत जाऊ शकतो, आणि त्यात उघड्या फाइलमधील मजकूर नकळत असू शकतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे पट्टी पडद्यावर असताना हिशेबाचे सॉफ्टवेअर कोसळले, तर शेतकऱ्याचा खाते क्रमांकही त्या अहवालात सापडणे शक्य आहे. दोष शोधून दुरुस्त करणे हा या व्यवस्थेचा हेतू आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्याचा खाते क्रमांक आहे त्या शेतकऱ्याला कोणी विचारलेले नसते. वापरकर्त्यांना कोणती माहिती घेतली जाते हे विंडोज १० स्पष्टपणे सांगत नाही, असा निष्कर्ष नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढला होता.

फायरवॉलला हात लावण्यापूर्वी सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’ विभागात जाऊन ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ हे पान उघडावे, ऐच्छिक माहितीचे बटण बंद करावे आणि आधी साठलेली माहिती पुसण्याचे बटणही तेथेच दाबावे. होम आणि प्रो आवृत्त्यांत आवश्यक स्तर बंद करण्याची सोय नाही; ती एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत आहे. मोंढ्यातील बहुतेक संगणक होम किंवा प्रो असतात, म्हणून फायरवॉलची गरज पडते.

ही माहिती पाठवण्याचे मुख्य काम ‘कनेक्टेड यूजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ नावाची सेवा करते. तिचे अंतर्गत नाव ‘डायगट्रॅक’ आहे. ती प्रत्यक्ष पाहायची असेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून नेटवर्कच्या पानावर काही वेळ लक्ष ठेवावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ या नावापुढे कंसात ‘यूटीसीएसव्हीसी’ असे दिसले, की ती हीच सेवा समजावी. एसव्हीसीहोस्ट हा मात्र एकच प्रोग्रॅम नव्हे. अनेक सेवा या एकाच नावाखाली चालतात, आणि पहिली चूक येथेच होते. माझ्याकडूनही ती झाली आहे. एका दुकानात मी सेवा न निवडता एसव्हीसीहोस्टच्या संपूर्ण फाइलवर बंदी घातली. असा नियम अपेक्षेप्रमाणे चालणार नाही, असा इशारा विंडोजने त्या वेळी दिला होता. तो मी न वाचता पुढे गेलो. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवाही त्याच फाइलमधून चालत असल्यामुळे एकही साइट उघडेना, आणि ऐन हंगामात शेतकरी पैशांसाठी काउंटरपुढे ताटकळत उभे राहिले. तेव्हापासून मी नियम नेहमी सेवेच्या नावावरच करतो.

तो असा करावा. स्टार्ट मेनूत ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ शोधून उघडावे, डावीकडे ‘आउटबाउंड रूल्स’ निवडावे आणि उजवीकडे ‘न्यू रूल’ दाबावे. प्रकार विचारला असता ‘कस्टम’ घ्यावा. पुढच्या पानावर सर्व प्रोग्रॅम हा पर्याय तसाच ठेवून सेवांसमोरचे ‘कस्टमाइझ’ बटण दाबावे, ‘अप्लाय टू धिस सर्व्हिस’ निवडावे आणि यादीतून वर सांगितलेली टेलिमेट्री सेवा घ्यावी. प्रोटोकॉल, पोर्ट आणि पत्ते यांना हात लावू नये. कृती म्हणून ‘ब्लॉक द कनेक्शन’ ठेवावी.

यानंतर प्रोफाइलचे, म्हणजे संगणक कोणत्या प्रकारच्या नेटवर्कला जोडला आहे त्याचे, पान येते, आणि तेथे डोमेन, प्रायव्हेट व पब्लिक या तिन्हींवर खूण असलीच पाहिजे. दुकानातील वायफाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले असते, परंतु तोच लॅपटॉप खरेदीसाठी औसा तालुक्यातील एखाद्या गावी नेऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला की विंडोज त्या जोडणीला बहुधा ‘पब्लिक’ मानते. एका खुणेअभावी नियम तेथे लागूच होत नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नियमाला ओळखू येईल असे नाव द्यावे, म्हणजे वर्षभराने दुसऱ्याने उघडले तरी त्याला उद्देश कळेल.

‘सगळे बंद करून हवे तेवढेच उघडू’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. या फायरवॉलमध्ये बंदीचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो, त्यामुळे सर्वांवर बंदीचा एक नियम घालून शेजारी परवानगीचे नियम लिहिल्याने काहीच साधत नाही. त्यासाठी प्रोफाइलच्या गुणधर्मांतच बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचे मूळ धोरण ‘ब्लॉक’ करावे लागते आणि मग प्रत्येक उपयुक्त गोष्टीला एकेक परवानगी द्यावी लागते. ज्याला रोज लक्ष देता येईल त्यानेच ते करावे; चालत्या दुकानात मी ते करत नाही.

ही माहिती घेणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरच्या पत्त्यांच्या तयार याद्या फायरवॉलमध्ये भरण्याचाही मोह टाळावा. हे सर्व्हर क्लाउडमध्ये असतात, त्यांचे आयपी पत्ते बदलत राहतात, आणि एकाच पत्त्यामागे इतर उपयोगी सेवा असू शकतात. कोणत्या नावाचा पत्ता कोणता हे संगणकालाच सांगणाऱ्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये सर्व्हरची नावे लिहून अडवण्याची जुनी युक्तीही आता पुरेशी नाही, कारण २०२० पासून मायक्रोसॉफ्टचे विषाणूरोधक डिफेंडर अशा बदलाला धोका ठरवून ती फाइल मूळपदावर आणण्याची शिफारस करते.

येथे एक मूलभूत मर्यादा लक्षात घ्यावी. ज्या प्रणालीवर पहारा ठेवायचा, तिनेच पहारेकरी दिलेला असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या, अ‍ॅपलच्या संगणकांवरील मॅकओएस या प्रणालीच्या बिग सर आवृत्तीत अ‍ॅपलने आपल्या काही अ‍ॅपना तिऱ्हाईत फायरवॉलच्या गाळणीतून सूट दिली होती. टीका झाल्यावर ११.२ या आवृत्तीत ती सूट काढण्यात आली. म्हणून जेथे जमेल तेथे दुसरी तटबंदी संगणकाच्या बाहेर उभारावी. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर किंवा पाय-होल (नको असलेल्या नावांचे पत्ते न देणारे सॉफ्टवेअर) बसवलेला छोटा संगणक ठेवून त्यात बंदी घातली, तर टेलिमेट्रीच्या सर्व्हरच्या नावांना दुकानातच उत्तर मिळत नाही, आणि ती बंदी दुकानातील प्रत्येक यंत्राला एकदाच लागू होते. मात्र हॉटस्पॉटवर गेलेल्या लॅपटॉपला तिचे संरक्षण राहत नाही. तेथे वरचा नियमच कामी येतो.

विंडोज अपडेट, डिफेंडरची विषाणू-यादी, घड्याळ जुळवणारी सेवा आणि प्रमाणपत्रांची पडताळणी यांना कधीही अडवू नये. वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू १२ मे २०१७ रोजी पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या दोषावरची दुरुस्ती मार्च महिन्यातच आलेली होती. अपडेट न झालेले संगणक त्यात सापडले. गोपनीयता जपण्यासाठी अपडेट तोडणारा माणूस शेतकऱ्यांची तीच नोंद चोरांच्या हाती देण्याची सोय करतो.

नियम काम करतो की नाही हे पाहण्यासाठी फायरवॉलच्या गुणधर्मांत प्रत्येक प्रोफाइलच्या ‘लॉगिंग’ भागात जाऊन अडवलेल्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, नोंद चालू करावी. काही तासांनी ती नोंदवही उघडली, तर तारीख, वेळ, ‘ड्रॉप’ हा शब्द, दोन्हीकडचे पत्ते आणि ओळीच्या शेवटाकडे ‘सेंड’ अशी नोंद दिसते. त्याच वेळी रिसोर्स मॉनिटरमध्ये यूटीसीएसव्हीसीच्या जोडण्या दिसेनाशा झाल्या, तर बंदी बसली आहे असे समजावे. शेवटी ‘अ‍ॅक्शन’ मेनूतील ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ वापरून सर्व नियमांची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि विंडोजचे मोठे वार्षिक अपडेट बसल्यानंतर त्याच दिवशी गोपनीयतेचे पान व हा नियम दोन्ही पुन्हा उघडून पाहावेत.