पठारावर पवनचक्कीचा टॉवर तपासायला निघण्यापूर्वी

फोंड्याहून वांकुसवड्याच्या पठारावर जायचं तर चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर, कऱ्हाड, पाटण असा लांबचा रस्ता आहे. राहिलेली वस्तू वर पोचल्यावर आठवून काही उपयोग नसतो, म्हणून बॅग आदल्या रात्रीच भरा. मे सरण्याआधी जाऊन या, पाऊस लागला की तिथे धुक्यात टॉवरचा शेंडाही दिसत नाही.

सामानाआधी कागद मागवा. पायाचा नकाशा, बोल्टांच्या टॉर्कच्या, म्हणजे ते किती जोराने आवळले त्याच्या, मागच्या नोंदी आणि टॉवरची मागे मोजलेली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसला की तो आपोआप सेकंदाला किती वेळा डोलतो तो आकडा. हा शेवटचा आकडा नसेल तर कंपनमापक नेऊन अर्धंच काम होईल. रोटर, म्हणजे पात्यांचं चाक, मिनिटाला १५ फेरे घेत असेल, तर फेऱ्याची वारंवारता ०.२५ हर्ट्‌झ आणि तीन पात्यांची ०.७५. टॉवरची वारंवारता या दोन्हींपासून दूर हवी, नाहीतर तो जोरात डोलू लागतो. तिचा आकडा वर्षागणिक खाली सरकत असेल, तर पाया सैल होतोय किंवा कुठेतरी भेग वाढतेय असा संशय घ्यावा.

नवखी मंडळी वर पात्यांकडे बघत राहतात. तुम्ही खाली बघा, कारण वाऱ्याचा सगळा वाकवणारा जोर तळाशी येतो. टॉर्च, वायर ब्रश, भेगेची रुंदी मोजायची पट्टी आणि ऑइल पेंटचा मार्कर घ्या. नट-बोल्टवरची खुणेची रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरलाय. घट्ट बोल्टवर वाऱ्याच्या चढउताराचा थोडाच वाटा येतो. सैल झाला की सगळा भार त्याच्यावर, आणि मिनिटाला १५ फेऱ्यांच्या त्याच वेगाने मशीन सतत चाललं तर पाती वर्षात दोन कोटींहून जास्त वेळा टॉवरसमोरून जातात. एक बोल्ट तुटलेला आढळला तर शेजारचेही संशयितच. दाराच्या चौकटीचं वेल्डिंग ब्रशने साफ करून नीट बघा. टॉवरच्या तळाच्या लोखंडी कड्याभोवती काँक्रीटमधून करडी पूड बाहेर येत असेल, तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा.

कोयना जवळ आहे, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथलाच. त्यामुळे पायाच्या हिशोबात भूकंपाचा भार धरलाय का, तेही विचारा.

डबा, पाणी, टोपी सांगायला नको. हार्नेस, म्हणजे चढताना अंगाला बांधायचा पट्टा, मात्र चढणाऱ्याने स्वतःच तपासावा. रोटरला कुलूप लागल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही, आणि साइटवरचा माणूस वारा जास्त आहे म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही.