घरामागच्या रानातली शिकार: धनुष्यबाण पहिल्यांदा हाती घेणाऱ्यासाठी

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी माणसाची हरणाशी पहिली गाठ बहुधा भाजीच्या वाफ्यात पडते. संध्याकाळी हिरवीगार असलेली मेथी आणि भेंडीची कोवळी रोपं सकाळी बुंध्यापर्यंत खुडलेली असतात. दुसरी गाठ नोव्हेंबरात, ऑफिसातून परतताना, गाडीच्या दिव्यांसमोर. अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांहून अधिक गाड्या हरणांना धडकतात. मी धनुष्याकडे वळलो तो अशाच एका धडकेनंतर. आम्ही वाचलो, गाडी दुरुस्त झाली, पण मागचे पाय मोडलेली ती मादी पोलीस येईपर्यंत रस्त्याकडेला तडफडत होती. तिचं मांसही कुणाच्या उपयोगी पडलं नाही. तेव्हापासून मला मनापासून वाटतं की हरणांची संख्या कमी करावीच लागणार असेल, तर ते काम कुणीतरी नीट शिकून, जबाबदारीने आणि काही वाया न घालवता करावं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख अमेरिकेतल्या, त्यातही न्यू जर्सीतल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. इथली परिस्थिती उलटी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीची हरणं देशभरात काही लाखच उरली होती. कायद्यांमुळे ती सावरली. दरम्यान पूर्व किनाऱ्यावरचे लांडगे आणि प्यूमा जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि शेतांच्या जागी घरं, हिरवळी, झाडांचे छोटे पट्टे आले. हरणाला याहून चांगली जागा कुठली? कोवळा पाला आहे, आडोसा आहे, शत्रू नाही. मादी बहुधा जुळी पाडसं देते. मग रानातली लहान झाडं खाऊन संपतात, आणि जुनी झाडं पडली की त्यांच्या जागी नवी उगवत नाहीत.

घरांच्या दाटीत बंदूक चालवता येत नाही. न्यू जर्सीत वस्तीच्या इमारतीपासून ४५० फुटांच्या आत बंदुकीला मनाई आहे. धनुष्यासाठी हे अंतर १५० फूट आहे, पण १५० ते ४५० फुटांच्या पट्ट्यात शिकाऱ्याने किमान ८ फूट उंचावर बसायचं, म्हणजे बाण खाली जमिनीकडेच जातो. शाळेच्या खेळाच्या मैदानापासून मात्र धनुष्यालाही ४५० फूटच. उपनगरातली सगळी शिकार या दोन आकड्यांवर उभी आहे.

आधी कागदपत्रं

राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाचा धनुष्य-शिकारीचा वेगळा अभ्यासक्रम आहे. वाचन घरी करायचं, मग मैदानावर प्रत्यक्ष परीक्षा. तो पूर्ण झाला की धनुष्याचा परवाना मिळतो, आणि हंगामानुसार वेगळे परमिट लागतात. मैदानावरच्या जागा हंगाम जवळ आला की भरतात, म्हणून हे काम वसंतातच उरकून टाका. त्या वर्षीची नियमपुस्तिका पूर्ण वाचा. तुमचा भाग कुठल्या झोनमध्ये येतो, आधी मादी मारल्याशिवाय नर मारता येत नाही असा नियम तिथे आहे का, हंगाम कधी सुरू होतो, हे सगळं तिच्यात असतं. अनेक उपनगरी झोनमध्ये हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतो. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी इथले नियम तसेच तिकडे लावू नयेत. न्यू जर्सीत मका टाकून हरणाची शिकार करता येते, व्हर्जिनियात तो गुन्हा आहे.

धनुष्य

बहुतेकांनी कंपाऊंड धनुष्य घ्यावं. त्याच्या टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढलं की हातावर मूळ ओढीचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा, पाचवा हिस्साच उरतो, त्यामुळे हरीण वळेपर्यंत थांबता येतं. कायद्याने न्यू जर्सीत किमान ३५ पौंडांची ओढ लागते. ४५ ते ५० पौंड हरणाला पुरून उरतात. दुकानातला मुलगा ७० पौंडांचं धनुष्य पुढे करील. खुर्चीत बसून, पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य आकाशाकडे न करता सरळ ओढता आलं तरच ते तुमचं.

त्याआधी दोन मोजमापं घ्या. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. ६८ इंच आले तर ओढीची लांबी, म्हणजे दोरी मागे किती ओढायची ते, साधारण २७ इंच. दुसरं म्हणजे प्रभावी डोळा. दोन्ही तळव्यांच्या मधल्या फटीतून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत दिसत राहते तो प्रभावी. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रभावी निघाला तर डाव्या हाताचं धनुष्य घेतलेलं बरं. पहिले दोन आठवडे अवघडल्यासारखं होईल, नंतर सवय होते.

जुनं धनुष्य घ्यायला हरकत नाही, पण दोरी तपासून घ्या. पैसे वाचवू नयेत ते बाणांवर आणि त्यांच्या पात्यांवर. पातं नवं आणि दाढीच्या ब्लेडसारखं धारदार हवं. बाण धक्क्याने मारत नाही, कापून मारतो.

सराव

इथे घाई करू नका. एप्रिल-मेमध्ये सुरू करून रोज वीस बाण मारा, रविवारी एकदम शंभर नकोत. थकलेल्या खांद्याला चुकीच्या सवयी लागतात. दहा यार्डांवरून (यार्ड म्हणजे तीन फूट) सुरुवात करा, मग पंधरा, मग वीस. हरणाचं फुप्फुस-हृदय साधारण आठ इंचांच्या कागदी ताटलीएवढ्या जागेत येतं. ज्या अंतरावरून प्रत्येक बाण ताटलीत जातो, तेवढंच तुमचं अंतर. दहापैकी नऊ जात असतील तर एक पाऊल पुढे या.

माझं अंतर आजही वीस यार्ड आहे, आणि ते वाढवायची मला इच्छा नाही. त्यामागे साधा हिशोब आहे. बाण सेकंदाला २८० फूट जातो असं धरा, दोरीचा आवाज ११०० फूट. वीस यार्डांवर बाण पोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आवाज त्याच्या कितीतरी आधी कानावर पडतो. घाबरलेलं हरीण उडी मारण्याआधी खाली दबतं. वीस यार्डांवर त्याला फार दबायला वेळ मिळत नाही. चाळीसवर मिळतो, आणि बाण पाठीवरून जातो किंवा नको तिथे लागतो.

ऑगस्टपासून उंचावरून सराव करा. घरामागचा डेक चालेल, पण तुमच्या गावात अंगणात बाण मारायला परवानगी आहे का ते आधी विचारा. खाली मारताना हात वाकवायचा नाही, कमरेतून वाकायचं. शिकारीत जे जाकीट घालणार ते घालूनच मारा. जाड बाही दोरीला लागते, हे हंगामात कळून उपयोग नाही.

जागा आणि शेजारी

उपनगरात हरीण शोधणं सोपं आहे, परवानगी मिळवणं अवघड. एप्रिलपासून फिरा. ज्यांची झुडपं छातीच्या उंचीपर्यंत बोडकी झालेली दिसतात, त्यांच्या दारावर शनिवारी दुपारी जा. साधे कपडे घाला, हिरवे-तपकिरी छापाचे नकोत. आपलं नाव, कुठे राहता, परवाना, कुठल्या दिवशी किती वाजता याल, गाडी कुठे लावाल, हे सांगा. मांस देईन म्हणा. नकार आला तर आभार मानून निघा, वाद घालू नका. माझ्या पहिल्या वर्षी चौदा दारांवर नकार आला आणि पंधराव्या दारावर एका आजींनी होकार दिला. परवानगी लेखी घ्या आणि शिकारीला जाताना खिशात ठेवा.

मग आजूबाजूच्या घरांवरही जा. ही पायरी नवशिके गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. हरीण कुठे उभं आहे ते सगळेच बघतात. इथे ते कुठे जाऊन पडेल ते आधी बघावं लागतं. फुप्फुसातून बाण गेलेलं हरीणही शंभर यार्ड पळू शकतं, आणि एकेक एकराच्या घरांच्या वस्तीत शंभर यार्ड म्हणजे तिसऱ्याचं अंगण. कुणाच्या हद्दीत विचारल्याशिवाय शिरता येत नाही, जखमी हरणामागेही नाही. म्हणून कागदावर नकाशा काढा. चारी बाजूंना कोण राहतं, कुणी होकार दिलाय, कुणाचा फोन नंबर आहे. ज्या दिशेला होकार नाही, तिकडे तोंड करून उभ्या हरणावर बाण सोडायचा नाही.

मचाण

झाडावर पंधरा-अठरा फुटांवर मचाण बांधा. सकाळ-संध्याकाळ हरीण झोपायच्या झाडीतून खायच्या जागेकडे जातं. पायवाटा, लेंड्या, ओकच्या झाडाखालची फळं यावरून तो रस्ता कळतो. पांढऱ्या ओकची फळं पडायला लागली की तिथून हलू नका. वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल तर त्या दिवशी घरी राहा. या हरणांना माणसाच्या वासाची सवय असते, पण झाडावरून येणारा वास त्यांना लगेच खटकतो.

शिकारी जखमी होतात ते मुख्यतः मचाणावरून पडून. अंगभर बांधायचा पट्टा जमिनीवरच चढवा, आणि पाय जमिनीवरून उठल्यापासून परत टेकेपर्यंत सुरक्षा-दोराला अडकवलेले राहा. धनुष्य हातात घेऊन चढू नका, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. कुठल्या झाडावर आहात आणि किती वाजता उतराल ते घरच्यांना सांगा.

बाण

हरीण पूर्ण आडवं उभं असावं, किंवा किंचित पाठमोरं तिरपं. समोरून, डोक्यावर, सरळ पायाखाली, पळताना कधीच नाही. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा आणि शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. उंचावरून मारताना बाण दुसऱ्या बाजूने कुठून बाहेर पडेल ते मनात बघा. पहिली शिकार मादीची करा. संख्या तिच्यामुळे कमी होते, आणि शिंगांचा मोह नसला की डोकं शांत राहतं.

बाण सुटल्यावर हलू नका. हरीण उभं होतं ती जागा आणि ते शेवटचं दिसलं ती जागा, दोन्ही लक्षात ठेवा. मग उतरून बाण शोधा. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे कलेजी, चार ते सहा तास. हिरवट घाण आणि वास असेल तर आतडी, आठ तास तरी. लगेच मागे लागलात तर आडवं पडलेलं हरीण पुन्हा उठून दूर जातं.

दुसऱ्या हंगामात मी हे सगळं माहीत असून चुकलो. दिवस मावळत होता, हरीण जरा जास्तच तिरपं होतं, आणि ते ज्या कुंपणाकडे बघत होतं त्या घराशी मी कधी बोललो नव्हतो. बाण मागे लागला. रात्री नऊ वाजता मी त्या घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंच्या मागे पायजम्यातली लहान मुलगी उभी होती. त्यांनी परवानगी दिली नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही दिली नसती. सकाळी दिवसाउजेडी पुन्हा जाऊन विचारल्यावर त्यांनी येऊ दिलं. हरीण त्यांच्या मुलीच्या झोक्याच्या मागे पडलं होतं. त्या प्राण्याने रात्र कशी काढली असेल ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी बाण भात्यात ठेवतो. कायद्याने त्यापुढेही बराच वेळ मिळतो, तरीही.

हरीण सापडल्यावर

त्याच दिवशी विभागाकडे फोनवर किंवा वेबसाइटवर नोंद करा. पोट तिथे फाडू नका, आतडी कुणाच्या झाडीत टाकू नका. ताडपत्रीत गुंडाळून, झाकून गाडीपर्यंत न्या. शेजाऱ्यांच्या मुलांना रक्त दिसायला नको. सप्टेंबरात हवा गरम असते, तेव्हा पोट लवकर साफ करून आत बर्फाच्या पिशव्या ठेवा. पहिल्या वेळी हरीण कापून देणाऱ्या खाटकाकडे न्या आणि तो काय करतो ते उभं राहून बघा. फ्रीझर भरला तर मांस दान करता येतं. न्यू जर्सीत हंटर्स हेल्पिंग द हंग्री ही संस्था ते गरजूंपर्यंत पोचवते.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, आणि अंगावर गोचीड आहे का ते काखेत, गुडघ्यामागे, केसांत तपासा. गोचिडीमुळे होणारा लाइम रोग इथे खराच आहे. बुटांवर आणि पँटवर आधीच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, पण ते कातडीला लावायचं नसतं.

मांस बकऱ्यासारखं समजून शिजवू नका. त्यात चरबी जवळजवळ नसते, आणि जी असते ती जिभेवर मेणासारखी चिकटते, म्हणून पांढरं दिसेल ते सगळं सुरीने काढा. पाठीच्या कण्यालगतची पट्टी लोखंडी तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, आत गुलाबी राहील इतकीच. खांदा आणि पुढचे पाय आलं-लसूण, दही आणि हळदीत रात्रभर ठेवा, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आणि काळ्या मसाल्यात मंद आचेवर तीन तास. होकार दिलेल्या त्या आजींना मसाला चालत नाही, त्यांच्यासाठी पाठीची एक पट्टी मी दरवर्षी वेगळी, कच्चीच बांधून ठेवतो.