मशीनवर आकडे हिरवे, तरी गाडी बाजूला का पळते?

डिचोलीच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून मी म्हापशाच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा स्टिअरिंगची तक्रार आली की अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन मोजून जुळवणं, करायची एवढंच मला ठाऊक होतं. कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीत बहुतेक वेळा त्यावर निभावतंही. पण आपल्याकडे गोव्यात दोन प्रकारच्या गाड्या सारख्या येतात. एक म्हणजे स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या हॅचबॅक, आणि दुसऱ्या म्हणजे उचलून मोठे टायर घातलेल्या थार, जिप्सी. या गाड्यांनी मला जे शिकवलं ते नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पहिली गाडी मला अजून आठवते. पुढून साधारण चार सेंटीमीटर खाली बसवलेली हॅचबॅक. ती घेऊन आलेल्या मुलाची तक्रार अशी की गुळगुळीत रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण उंचवटा किंवा खड्डा आला की स्टिअरिंग हिसका मारतं आणि गाडी बाजूला पळते. मी अलाइनमेंट केली, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत आले. चार दिवसांत गाडी परत. मग दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे, बदलले, पुन्हा अलाइनमेंट केली. गाडी पुन्हा परत. त्या दोन एंडचे पैसे त्या मुलाने भरले होते, आणि जुने एंड चांगले होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचे उस्ताद सावंतवाडीकडचे. त्यांनी गाडी पुन्हा मशीनवर घ्यायला लावली आणि म्हणाले, "उभी असताना ती सरळ आहे, मान्य. हलताना तिचं काय होतं ते बघितलंस?" मग पुढचा बंपर दोघांनी मिळून दाबला आणि सोडला. पडद्यावरचा 'टो'चा आकडा, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, दाबताना एकीकडे पळाला, सोडल्यावर परत आला. स्टिअरिंगला कोणी हातही लावला नव्हता.

कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चाक वर-खाली होतं तेव्हा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात, एका कमानीत फिरतो आणि टाय रॉड दुसऱ्या कमानीत. कंपनी या दोन्हींची लांबी आणि कोन असे ठरवते की नेहमीच्या उंचीवर दोन्ही कमानी जवळजवळ जुळतात. गाडी खाली बसवली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, कोन बदलतात, कमानी जुळेनाशा होतात. मग प्रत्येक उंचवट्यावर टाय रॉड चाकाला थोडं ढकलतो किंवा ओढतो. याला बंप स्टिअर म्हणतात. एकही पार्ट खराब नसताना गाडी पळते ती अशी. उपाय दोनच: उंची काही प्रमाणात परत द्यायची, नाहीतर त्या गाडीसाठी खास बनवलेला, कोन सुधारणारा टाय रॉड एंड लावायचा. आर्म तापवून वाकवणारे लोक आहेत. तसलं काम कधीही करू नका, तापवलेलं लोखंड कमकुवत होतं आणि तुटलं तर माणूस जातो. त्या मुलाच्या गाडीच्या स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग ज्यावर बसते त्या शॉक अॅब्सॉर्बरवर, उंची कमीजास्त करायचे आटे होते. पुढचा भाग दोन सेंटीमीटर वर घेतला आणि हिसका जवळपास गेला.

तेव्हापासून अशी गाडी आली की पान्याला हात लावण्याआधी मी विचारतो: काय बदललं, कधी, कोणी, आणि तक्रार त्याच दिवसापासून आहे की नंतरची? मग टायरमधली हवा बघून, सपाट फरशीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने उंची मोजतो आणि वहीत लिहितो. डाव्या-उजव्या बाजूत स्पष्ट फरक असेल तर तो सुटेपर्यंत अलाइनमेंटला अर्थ नाही. चाकं आतून धुऊन घ्या. पावसाळ्यात सत्तरीकडून येणाऱ्या गाड्यांच्या रिममध्ये लाल माती सुकून बसते आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक त्यासाठी स्टिअरिंगचा रॅक उघडायला निघतात!

सांध्यांतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायला अनेकजण गाडी जॅकवर घेऊन चाक हलवतात. तेही करा, पण आधी चाकं जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून, सोबत्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. वजन असताना ढिला सांधा बोटाला लगेच कळतो. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग "टंग" करून उडत असेल तर स्ट्रटच्या वरचं माऊंटिंग-बेअरिंग बघा. स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसली नसेल तरी असाच आवाज येतो.

आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशबद्दल मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. स्प्रिंग बदलताना गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि त्याच स्थितीत लोअर आर्मचे बोल्ट आवळले जातात. रबर बुश त्या कोनात पकडला जातो. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी नीट बसत नाही, स्टिअरिंग मधोमध येत नाही आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हाताने लावून ठेवा, चाकांवर वजन येऊ द्या, गाडी दोन-तीनदा दाबा, मगच टॉर्क पान्याने शेवटचं आवळा.

उचललेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. लीफ स्प्रिंगचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, एक टोक ज्या झुलत्या पट्टीने सांगाड्याला जोडलेलं असतं ती शॅकल. ती पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत लांब शॅकल घातली की पुढचा एक्सल फिरतो आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, आणि हायवेवर गाडी भटकते, सारखी सावरावी लागते. तिथे टो वाढवून गाडी जरा सरळ धावल्यासारखी वाटते, पण टायर खरवडले जातात. कास्टर परत आणण्यासाठी एक्सल आणि स्प्रिंगमध्ये योग्य कोनाची पाचर लागते. शिवाय बाहेर काढलेली रुंद चाकं असतील तर खड्ड्याचा झटका थेट हातात येतो. तो दोष सांध्याचा नसतो, चाकाच्या ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा असतो.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट. आधी मागची चाकं, मग पुढचा कास्टर आणि कॅम्बर, म्हणजे समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल, शेवटी टो. क्रम उलटा केला तर टो पुन्हा करावा लागेल. किनाऱ्याकडच्या गाड्यांत टाय रॉडचे लॉक नट खाऱ्या हवेने गंजून बसलेले असतात, त्यांना आदल्या दिवशीच तेल मारून ठेवा. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर स्कॅनर लावून अँगल सेन्सर शून्यावर आणा.

चाचणीला जाताना लक्षात ठेवा, पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात. गाडी अलगद डावीकडे गेली तर तो दोष धरू नका. रस्त्याच्या मधल्या, सपाट भागात सुरक्षित असेल तेव्हाच बघा.

ग्राहकाला कायद्याचंही स्पष्ट सांगा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी दाखल्यातला तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असे फेरफार मालकाला करता येत नाहीत.

तो मुलगा पुढच्या चतुर्थीआधी सर्व्हिसिंगला आला. मी पुढचे दोन्ही टायर काढून आतल्या कडेवर हात फिरवला. दोन्ही बाजूंना सारखी झीज, कुठेही खरखर नाही. वहीत त्याच्या गाडीच्या उंचीखाली तारीख टाकली.