अमूर्त चित्रात रंगांचा चिखल होऊ नये म्हणून

अमूर्त चित्र करायला घेतलं की सुरुवातीला हमखास सगळे रंग एकमेकांत मिसळून मातकट होतात. दोष हाताचा नसतो, घाईचा असतो. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या विरोधी जोड्या ओल्या असताना भिडल्या की तपकिरी छटा येणारच. म्हणून ॲक्रिलिकचा पहिला थर पातळ द्या आणि बोटाला रंग लागेनासा होईपर्यंत थांबा, साधारण २० मिनिटं. मग वर दुसरा रंग जाडसर लावून जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने एका दमात ओढा. खालचा रंग मधूनमधून डोकावतो, आणि मला तरी ते ब्रशच्या फटकाऱ्यापेक्षा जास्त जिवंत वाटतं. त्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवू नका. पहिल्या काही चित्रांना तीन रंग आणि पांढरा एवढेच पुरे.